गुडघ्याचा झटका आणि सर चार्ल्स शेरिंग्टन



आपल्या वार्तापत्रात थोरांची चरित्रे देण्याची पद्धत आहे. बहुधा ती संतांची, देशभक्तांची किंवा आपल्या होळकर घराण्यातली असतात, आणि तशी ती असावीतही. या अंकात मात्र आम्ही एका इंग्रज शरीरक्रियाशास्त्रज्ञाची ओळख करून देत आहोत. त्याचे कारण अगदी घरगुती आहे. शाळेत आरोग्य तपासणी होते तेव्हा डॉक्टर रबराची छोटी हातोडी गुडघ्याच्या वाटीखाली मारतात, पाय आपोआप उडतो आणि रांगेतली सगळी मुले हसतात. पाय कोण उडवतो, असे विचारले तर मुले एकमेकांकडे पाहतात. आपण तर उडवलेला नसतो. डॉक्टरांनीही उडवलेला नसतो. या प्रश्नाचे नीट उत्तर देण्यात सर चार्ल्स शेरिंग्टन यांची चाळीसहून जास्त वर्षे गेली.

या क्रियेला आपल्या मराठी पाठ्यपुस्तकात प्रतिक्षिप्त क्रिया म्हणतात. आम्ही हिंदी माध्यमातून शिकलो, तिथे तिला प्रतिवर्ती क्रिया म्हणत. शब्द कोणताही घ्या, अर्थ एकच: बाहेरून संदेश आत जातो आणि मेंदूची परवानगी न मागता तिथूनच उलटून स्नायूकडे येतो. हे उलटणे पाठीच्या कण्यातून जाणाऱ्या मज्जारज्जूत होते. हातोडी बसल्यापासून मांडीच्या स्नायूत हालचालीची विद्युतलहर उठेपर्यंत सेकंदाचा सुमारे पन्नासावा भाग लागतो. इतक्या वेळात आपण विचारसुद्धा सुरू करू शकत नाही.

चार्ल्स स्कॉट शेरिंग्टन यांचा जन्म 27 नोव्हेंबर 1857 रोजी लंडनच्या इस्लिंग्टन भागात झाला. लहानपण गेले इप्सविच या गावी, केलब रोझ नावाच्या शस्त्रवैद्याच्या घरात. हे रोझ मोठे रसिक गृहस्थ होते. घरात चित्रे होती, जुनी पुस्तके होती, आणि विद्वान पाहुण्यांचे येणे-जाणे असे. इप्सविचच्या शाळेत थॉमस अ‍ॅश नावाचे एक शिक्षक होते, ते स्वतः कवी होते. त्यांच्यामुळे या मुलाला ग्रीक-लॅटिन साहित्याची आणि प्रवासाची गोडी लागली. पुढे जगप्रसिद्ध वैज्ञानिक झाल्यावरही शेरिंग्टन कविता लिहीत राहिले आणि 1925 साली त्यांचा कवितासंग्रह निघाला. विज्ञान शाखा घेतली म्हणजे भाषेचा तास वाया, असे मानणाऱ्या आमच्या अकरावीच्या मुलांनी एवढे लक्षात ठेवले तरी पुष्कळ झाले.

1876 मध्ये ते लंडनच्या सेंट थॉमस रुग्णालयात वैद्यकी शिकू लागले आणि 1879 मध्ये केंब्रिजला गेले. तिथे मायकेल फॉस्टर यांनी शरीरक्रियाशास्त्राची एक नवी परंपराच उभी केली होती. रग्बी खेळणारा, नाव वल्हवणारा, अंगाने लहानसा पण काटक असा हा तरुण तिथे रमला.

1881 साली लंडनमध्ये आंतरराष्ट्रीय वैद्यक परिषद भरली आणि तिथे एक मोठा वाद झाला. जर्मन शास्त्रज्ञ गोल्ट्झ यांचे म्हणणे असे की, मेंदूच्या अमुक भागाचे अमुकच काम अशी वाटणी नसते. पुरावा म्हणून त्यांनी मेंदूचा बराचसा भाग काढलेला, तरी चालता-फिरता असलेला कुत्रा सभेत आणला. इंग्लंडचे फेरियर यांनी उलट बाजू मांडली. त्यांच्या माकडाच्या मेंदूचा एक ठराविक भाग काढला होता आणि त्याचे एका बाजूचे हातपाय लुळे पडले होते. शेवटी दोन्ही प्राण्यांचे मेंदू तपासायचे ठरले. कुत्र्याच्या मेंदूचा भाग केंब्रिजला लँगली यांच्याकडे आला आणि मदतीला बोलावले गेले ते शेरिंग्टन. त्यावरचा लेख 1884 मध्ये छापला गेला. तोच त्यांचा पहिला शोधनिबंध. त्या वर्षीच्या हिवाळ्यात ते गोल्ट्झ यांच्याकडेच स्ट्रासबुर्गला शिकायला गेले. ज्या पक्षाविरुद्ध आपल्या देशातले लोक उभे होते, त्याच पक्षाच्या घरी शिकायला जाणे आम्हाला फार आवडले.

मधली काही वर्षे रोगजंतूंमागे गेली. 1885 मध्ये स्पेनमध्ये कॉलऱ्याची साथ होती आणि तिथल्या एका डॉक्टरने लस काढल्याचा दावा केला होता. तो तपासायला जी इंग्रज मंडळी गेली त्यांत शेरिंग्टन होते. पुढच्या वर्षी तसेच काम इटलीत केले. मग बर्लिनला रॉबर्ट कॉख यांच्या प्रयोगशाळेत ते जंतुशास्त्र शिकले.

या शिक्षणाचा उपयोग त्यांच्या स्वतःच्या कुटुंबात झाला. 1891 मध्ये ते लंडनच्या ब्राउन इन्स्टिट्यूशनचे प्रमुख झाले. हे जनावरांचे रुग्णालय आणि संशोधनशाळा असे दोन्ही होते. त्याच वर्षी एथेल राइट यांच्याशी त्यांचा विवाह झाला. त्या काळी घटसर्पाने मुले घसा बंद होऊन मरत. त्यावर घोड्याच्या रक्तातून प्रतिविष तयार करण्याची नवी रीत युरोपात निघाली होती आणि शेरिंग्टन आपल्याकडच्या एका घोड्यावर तो प्रयोग करत होते. 1894 साली ससेक्समधून निरोप आला की भाच्याला घटसर्प झाला आहे. घोडा अजून पूर्ण तयार झाला नव्हता. तरीही त्यांनी रात्रीच त्याचे रक्त काढले, त्यातला रस वेगळा केला, गाडी पकडून तिकडे पोचले आणि मुलाला तो टोचला. मुलगा वाचला. घटसर्पाच्या प्रतिविषाचा इंग्लंडमधला हा अगदी सुरुवातीचा वापर. आज आपल्या बाळांना ज्या लसी टोचतात त्यांत घटसर्पाची असतेच, म्हणून त्या आजाराचे नावही बऱ्याच मुलांनी ऐकलेले नसेल.

पण त्यांचे खरे काम स्नायू आणि मज्जातंतूंचे. ते आम्ही जरा सविस्तर सांगतो, कारण ते प्रत्येकाच्या अंगात या क्षणी चालू आहे.

त्या वेळी सर्वसाधारण समजूत अशी होती की स्नायू हा हुकमाचा ताबेदार. वरून आज्ञा येते, तो आखडतो, संपले. शेरिंग्टन यांनी स्नायूकडे जाणाऱ्या मज्जातंतूंची मोजदाद केली. आज्ञा नेणारे तंतू मुळाशी कापले की काही दिवसांत ते झिजून जातात. मागे उरतात ते स्नायूकडून बातमी आणणारे. 1894 मध्ये त्यांनी दाखवून दिले की स्नायूच्या मज्जातंतूत एक तृतीयांश ते निम्मे तंतू बातमी आणणारे असतात. म्हणजे स्नायू जेवढे ऐकतो जवळजवळ तेवढेच बोलतोही. तो किती ताणला गेला आहे, किती भार पेलतो आहे, हे सतत वर कळवत असतो. स्नायूच्या आत चरख्याच्या चातीसारखे निमुळते, बारीक अवयव असतात, ताण मोजण्याचे काम ते करतात. डोळे मिटून बोट नाकाच्या शेंड्यावर नेऊन पाहा. हात कुठे आहे हे डोळ्यांवाचून कळते ते या अंतर्गत बातमीमुळे. पाच ज्ञानेंद्रिये आपण पाठ करतो, त्यांत हिचा समावेश नाही. शेरिंग्टन यांनी तिला स्वतंत्र नाव दिले आणि अभ्यासाचा विषय केले.

दुसरा शोध त्याहून नवलाचा. आमच्या मल्लखांबावरच्या मुलांना हे लगेच पटेल. कोपर वाकवताना दंडाचा पुढचा स्नायू आखडतो, तेव्हा मागचा सैल पडतो. तो सैल पडला नाही तर दोघांची ओढाताण होऊन हात जागीच ताठ राहील. पण त्याला सैल पड असे कोण सांगते? लोक म्हणत, काम नसले की तो आपोआप स्वस्थ राहतो. शेरिंग्टन यांनी 1893 पासून पुढची कितीतरी वर्षे डोळ्यांच्या आणि पायांच्या स्नायूंवर प्रयोग करून सिद्ध केले की तसे नाही. जो संदेश एका स्नायूला आखडायला लावतो तोच संदेश मज्जारज्जूत दुसऱ्या वाटेने जाऊन समोरच्या स्नायूच्या पेशींना आवर घालतो. थांबणे हीसुद्धा शरीराने केलेली एक कृती आहे. काम करण्याचा हुकूम असतो तसा काम न करण्याचाही हुकूम असतो आणि त्याला तेवढीच यंत्रणा लागते.

ही आवर घालणारी यंत्रणा बिघडली तर काय होते याचे उदाहरण आपल्या भाषेनेच देऊन ठेवले आहे: धनुर्वात. रोग्याचा जबडा बसतो, पाठ धनुष्यासारखी वाकते. वर्गात विचारले तर मुले सांगतात की विषाने स्नायू आखडतात. पण नेमके काय घडते? तोंड उघडणारे स्नायू आणि मिटणारे स्नायू यांत मिटणारे कितीतरी बलवान. रोगी तोंड उघडायला जातो तेव्हा मिटणाऱ्यांनी सैल पडायला हवे. पण धनुर्वाताचे विष आवर घालणारा संदेशच बंद पाडते. मग दोन्ही बाजू एकदम आखडतात आणि बलवान बाजू जिंकते. रोगी जितका तोंड उघडायचा प्रयत्न करील तितका जबडा घट्ट मिटतो. पाठीचेही तसेच, कणा ताठ ठेवणारे स्नायू पोटाच्या स्नायूंपेक्षा जोरकस, म्हणून शरीर मागे वाकते. शेरिंग्टन यांनी 1905 च्या सुमारास धनुर्वाताच्या आणि कुचल्याच्या विषावर केलेल्या प्रयोगांतून आवर आणि आखडणे यांतली ही उलथापालथ दाखवली. गंजका खिळा लागला की आम्ही मुलांना लगेच इंजेक्शनासाठी पाठवतो. ते का, हे आता कळले असेल.

1895 मध्ये ते लिव्हरपूलला प्राध्यापक म्हणून गेले आणि 1913 पर्यंत तिथे राहिले. त्यांच्या लंडनच्या घरी स्पेनचे थोर शास्त्रज्ञ काहाल हे 1894 मध्ये उतरले होते. त्यांनी पाहुण्यांच्या खोलीतच सूक्ष्मदर्शक मांडून प्रयोगशाळा थाटली आणि बाहेर जाताना ते दाराला कुलूप लावत, अशी गंमत शेरिंग्टन पुढे सांगत. काहाल यांनी सूक्ष्मदर्शकातून पाहिले होते की मज्जापेशी एकमेकींना चिकटलेल्या नसतात, जवळ येऊन थांबतात. शेरिंग्टन यांना त्याच सांध्याची गरज होती, कारण प्रतिक्षिप्त क्रियेला लागणारा वेळ नुसत्या तंतूतून जाण्याच्या वेळापेक्षा जास्त भरत होता आणि संदेश एकाच दिशेने जात होता. त्या सांध्याला 1897 साली त्यांनी नाव दिले. शब्द एका ग्रीक पंडिताला विचारून घेतला होता. तोच आजचा सिनॅप्स. बारावीच्या जीवशास्त्रात तो मुले घोकतात, पण तो भाषेच्या आणि विज्ञानाच्या प्राध्यापकांनी मिळून घडवला आहे.

आता पाठीकडे येऊ, कारण पालकांचे त्यावर फार प्रश्न असतात.

1898 मध्ये शेरिंग्टन यांनी पाहिले की मांजराच्या मेंदूचा वरचा भाग वेगळा केला तर चारही पाय खांबासारखे ताठ होतात. एका पायाकडून बातमी आणणारी मज्जामुळे कापली की फक्त त्या पायाचा ताठरपणा गळून पडतो. म्हणजे ताठरपणा वरून लादलेला नव्हता, स्नायू स्वतःच्या ताणाची बातमी पाठवून स्वतःलाच आखडत होता. 1924 मध्ये लिडेल या सहकाऱ्याबरोबर त्यांनी हे मोजून दाखवले. स्नायू काही मिलिमीटर ताणला की तो लगेच आखडून प्रतिकार करतो. गुडघ्याचा झटका हे त्याचेच छोटे रूप. हातोडी स्नायूबंधावर बसते, मांडीचा स्नायू क्षणभर ताणला जातो आणि उत्तर देतो. आपण प्रार्थनेला उभे राहतो तेव्हा शरीर किंचित पुढे झुकले की पोटरी ताणली जाते, आखडते आणि आपल्याला सावरते. दिवसभर हे चालते, आपल्याला पत्ता नसतो.

योगायोग असा की शेरिंग्टन लिव्हरपूलला गेले त्याच 1895 साली अमेरिकेतल्या डेव्हनपोर्ट गावी डॅनियल डेव्हिड पामर यांनी एका बहिऱ्या माणसाच्या मणक्यावर जोराचा दाब देऊन त्याला ऐकू येऊ लागल्याचा दावा केला. त्यातून कायरोप्रॅक्टिक नावाची पद्धत निघाली. मणके जागचे सरकून मज्जातंतू दाबतात आणि बहुतेक रोग त्यातून होतात, असे पामर मानत. ही कल्पना विज्ञानाच्या कसोटीला उतरली नाही. पण मणक्यावर दिलेल्या झटक्याने पाठीच्या स्नायूंत काहीच घडत नाही, असेही नाही. काय घडते ते पाहायला शेरिंग्टन यांचीच दृष्टी उपयोगी पडली. 1990 च्या दशकात कॅनडातील कॅल्गरी विद्यापीठात वॉल्टर हर्झोग आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी पाठ न दुखणाऱ्या तरुणांच्या कातडीवर विद्युत-पट्ट्या लावल्या आणि मणक्यांना जलद झटका दिला. सेकंदाच्या विसाव्या ते पाचव्या भागाच्या आत जवळच्या स्नायूंत प्रतिक्षिप्त हालचाल उमटली. दाब सावकाश दिला तेव्हा मात्र ती उमटली नाही, मग सांध्याचा कट्‌ असा आवाज आला तरीही. आवाजाने हाड बसले असे आपण समजतो, पण स्नायूला त्या आवाजाचे सोयरसुतक नसते. वेगाने ताण पडला का, एवढेच तो पाहतो. गुडघ्याच्या हातोडीचा नियम तोच.

आपल्याकडे उसण भरली की पायाळू माणसाला बोलावून पाठीला पाय लावून घेत. मोहल्ल्यातले पहलवान हाडे बसवत. आजीच्या या उपायांना हसण्याचा आमचा हेतू नाही. अचानक झटक्याने आखडलेला स्नायू काही वेळ सैल वाटू शकतो, आणि कंबरदुखीवर प्रशिक्षित हातांनी केलेल्या अशा उपचाराने व्यायाम वगैरे इतर नेहमीच्या उपायांइतपत थोडाफार आराम मिळतो, असे आजवरच्या चाचण्यांतून दिसते. पण स्नायूत प्रतिक्रिया उमटली म्हणजे रोग बरा झाला, असे नव्हे. दमा, बहिरेपणा, पोटाचे विकार यांवर हा उपाय आहे म्हणणाऱ्यांच्या नादी पालकांनी लागू नये. आणि एक गोष्ट आम्ही स्पष्टच लिहितो. केस कापून झाल्यावर मान दोन्हीकडे कडाकडा मोडून घेण्याची सवय मोठ्या मुलांना लागली आहे. मानेतून मेंदूकडे जाणाऱ्या रक्तवाहिन्या असतात. अचानक पीळ बसून त्या आतून फाटल्याच्या आणि माणसाला पक्षाघात झाल्याच्या घटना वैद्यकात नोंदलेल्या आहेत. क्वचित घडते हे खरे, पण ज्याच्या घरी घडते त्याला क्वचित या शब्दाचा उपयोग नसतो. मुलांनी केस कापून पैसे द्यावेत आणि उठावे.

हे चरित्र लिहिताना एक प्रश्न आम्हाला टाळता आला नाही. हे सगळे ज्ञान कुत्री, मांजरे, माकडे यांच्यावरच्या प्रयोगांतून आले. आपल्या कित्येक घरांत मुंगीलाही साखर घालतात. इंग्लंडमध्येही तेव्हा या प्रयोगांना कडवा विरोध होता. 1876 साली तिथे त्यासंबंधी कायदा झाला आणि 1881 च्या परिषदेनंतर फेरियर यांच्यावर खटलाही भरला गेला. शेरिंग्टन यांचे प्रयोग भूल देऊन होत, आणि मेंदूचा वरचा भाग वेगळा केल्यावर प्राण्याला वेदना जाणवत नाही. तरी प्राण गेले ते गेलेच. आमच्या विद्यार्थीदशेत प्रत्येकाला बेडूक कापावा लागे, आता चित्रे आणि संगणक यांवर भागते, हे आम्हाला बरे वाटते. पण धनुर्वाताच्या इंजेक्शनाने वाचलेले मूल समोर उभे असताना त्या जुन्या प्रयोगांना सरसकट पाप म्हणण्याचे धाडसही आमच्याने होत नाही. विद्यार्थ्यांनी घरी वडीलधाऱ्यांशी यावर जरूर बोलावे.

या सर्व कामाचा ग्रंथ 1906 मध्ये निघाला, अमेरिकेत येल विद्यापीठात दिलेल्या व्याख्यानांवरून. वेगवेगळ्या प्रतिक्षिप्त क्रियांना मज्जासंस्था एकत्र कशी गुंफते, हा त्याचा विषय. कुत्रा खाजवत असताना त्याच्या पायाला काटा टोचला तर खाजवणे थांबते आणि पाय मागे येतो. दोन्ही क्रियांना तोच पाय हवा असतो, मग आधी कोणाला द्यायचा हे मज्जारज्जूत ठरते. असे साधे उदाहरण घेऊन ते किती खोल जात, हे वाचताना आम्हाला वारंवार जाणवले.

1913 मध्ये ते ऑक्सफर्डला आले आणि वर्षभरात महायुद्ध पेटले. प्रयोगशाळा ओस पडली. 1915 च्या सुट्टीत हा सत्तावन्न वर्षांचा प्राध्यापक बर्मिंगहॅमच्या तोफगोळ्यांच्या कारखान्यात मजूर म्हणून लागला. आपण कोण हे त्याने सांगितले नाही. दिवसाला तेरा-तेरा तास तो इतरांबरोबर राबला. थकवा म्हणजे काय आणि थकलेल्या हातांकडून चुका कशा होतात, हे त्याला आतून पाहायचे होते. युद्धाच्या अखेरीस मजुरांच्या थकव्याच्या अभ्यासासाठी सरकारने मंडळ नेमले, त्याचे अध्यक्षपद त्यांच्याकडेच आले. ऑक्सफर्डमध्ये मुलींना वैद्यकी शिकता यावी म्हणूनही त्यांनी खटपट केली. आमच्या शाळेतून दरवर्षी मुली मेडिकलच्या प्रवेशपरीक्षेला बसतात. त्यांना आज जे सहज वाटते ते तिथे शंभर वर्षांपूर्वी मागून घ्यावे लागले.

मानसन्मान पुष्कळ मिळाले. 1920 ते 1925 ते रॉयल सोसायटीचे अध्यक्ष होते, 1922 मध्ये सर झाले. नोबेल पारितोषिकासाठी तीस वर्षांत शंभराहून जास्त शिफारशी झाल्या, तरी ते मिळाले 1932 मध्ये, वयाच्या पंचाहत्तराव्या वर्षी, आणि तेही एडगर एड्रियन या बरेच तरुण शास्त्रज्ञाबरोबर वाटून. निकाल हातात पडताच पेढे वाटायला निघणाऱ्या आमच्या पालकांना ही प्रतीक्षा झेपली नसती. विद्यार्थ्यांच्या बाबतीत मात्र ते भाग्यवान. पेनिसिलिनला औषध म्हणून उभे करणारे फ्लोरी, मेंदूच्या शस्त्रक्रियेतले पेनफिल्ड, ग्रॅनिट, एकल्स ही सगळी त्यांच्या हाताखालून गेलेली माणसे, आणि त्यांतले तिघे पुढे नोबेलचे मानकरी झाले.

पत्नी 1933 मध्ये वारल्या. 1936 च्या सुमारास ते निवृत्त होऊन इप्सविचला परतले. एडिंबरोला मनुष्य आणि निसर्ग या विषयावर व्याख्याने दिली, ती 1940 मध्ये ग्रंथरूपाने निघाली. आयुष्यभर स्नायू आणि मज्जातंतू मोजलेल्या या माणसाने त्यात कबूल केले की मन म्हणजे काय हे या मोजमापात सापडत नाही. दुर्मिळ जुनी पुस्तके त्यांनी हौसेने जमवली होती, त्यांतली बरीच ब्रिटिश म्युझियमला देऊन टाकली. 1946 मध्ये, नव्वदीला टेकलेले असताना, सोळाव्या शतकातल्या फेर्नेल या फ्रेंच वैद्याचे चरित्र लिहिले. शेवटच्या वर्षांत सांधेदुखीने हालचाल अवघड झाली होती. ज्याने सांध्यांभोवतीच्या स्नायूंची भाषा उलगडली त्याच्याच सांध्यांनी दगा दिला. बुद्धी मात्र शेवटपर्यंत तल्लख होती. 4 मार्च 1952 रोजी ईस्टबोर्न येथे, चौऱ्याण्णवाव्या वर्षी, हृदय थांबून त्यांचे निधन झाले.

स्नायूला आवर घालणारा संदेश त्यांनी हयातभर अनुमानाने ओळखला. एका पेशीच्या आत तो कसा दिसतो हे पाहण्याचे साधन त्यांच्या काळात नव्हते. 1951 च्या ऑगस्टमध्ये न्यूझीलंडमधील ड्युनेडिन येथे त्यांचे शिष्य एकल्स आणि त्यांच्या दोन सहकाऱ्यांनी केसाहून बारीक काचेची नळी मांजराच्या मज्जारज्जूतल्या एका पेशीत घातली. समोरच्या स्नायूकडून संदेश आला तेव्हा पेशीतला विद्युतदाब वर जाण्याऐवजी खाली गेला. हा संदेश विजेच्या उडीने जातो असे एकल्स स्वतः वर्षानुवर्षे मांडत आले होते. त्या एका रात्रीच्या नोंदीनंतर त्यांनी ते मत सोडले आणि रसायनाचा पक्ष मान्य केला. तो निबंध 1952 मध्ये छापला गेला.